न आलेला स्लाइस

काका, तुम्ही गेल्यानंतर आज पहिल्यांदा आम्ही तिघं कोर्टावर गेलो. खेळ झाला नाही. तीन माणसांत डबल्स होत नाही हे खरं, पण अडलं ते त्यावरून नाही, बॉलवरून अडलं. खलीलभाईंनी पिशवीतून एक बॉल काढला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. बॉल पार टकला झाला होता. वरची लव गेलेली, टप्पा घेतला की धप्प असा आवाज. पण तो जुना झाला असं म्हणायचं कोणी? आपल्या कोर्टावर ते म्हणायचा मान सगळ्यांत वडील माणसाचा, आणि मी आल्यापासून तो तुमच्याकडेच होता. तुमच्यानंतर वयाने खलीलभाई. मी त्यांच्याकडे पाहिलं, मूर्ती गारूंनीही, म्हणजे आपल्या मूर्तीरावांनीही, पाहिलं. "नक्को मॅडम," ते म्हणाले, "मेरे से नै होता." त्यांनी बॉल पिशवीत परत टाकला. मग आम्ही कडुनिंबाखालच्या बाकावर नुसते बसलो आणि थोड्या वेळाने आपापल्या घरी आलो.

गंमत म्हणजे तुम्ही हा मान वापरायचाच नाहीत. आम्ही रडकुंडीला यायचो. बॉल उसळत नाही, रॅकेटवर दगड आपटल्यासारखा लागतो, तरी तुम्ही तो अंगठ्याने दाबणार, कानाशी नेऊन हलवणार आणि म्हणणार, "आहे की अजून दम. चला." खलीलभाई म्हणायचे की साबनी निजामाच्या जमान्यातले बॉल सांभाळून ठेवलेत. तुम्ही हसायचात, पण बॉल काही बदलायचा नाही. म्हणून तर ती एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. त्या सकाळकडे येतेच. आधी तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

काकू म्हणाल्या, तू लिही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात बाकीचे लोक तुमची नोकरी, तुमचं समाजकार्य, गणेशोत्सवातली तुमची धावपळ असं सगळं लिहितील. ते मला माहीत नाही. मला तुम्ही सकाळी सहा वाजता पांढऱ्या टोपीत माहीत आहात. आणि खरं सांगायचं तर तुम्ही हे वाचलं असतंत की नाही याचीही शंकाच आहे. शाळा तेलुगूतली, मराठी घरातली. छापील मराठी दिसलं की बोट ठेवून वाचायचात आणि मध्येच कंटाळून म्हणायचात, "तूच वाच पुणेकर, तुमचं पुस्तकी मला कळत नाय." तेव्हा मी बोलते तसंच लिहिते.

मी नल्लकुंट्यात तुमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा निजामाच्या या शहरात मला कुत्रं ओळखत नव्हतं. ऑफिसातले सगळे पुणे-मुंबईवाले शहराच्या त्या टोकाला, उंच इमारतींत. मला रस्त्यावर भाजीवाला दिसेल अशी वस्ती हवी होती, म्हणून नवऱ्याचं न ऐकता हे घर घेतलं आणि पहिला महिनाभर पस्तावले. एके दिवशी जिन्यात तुम्ही रॅकेट घेऊन उतरताना दिसलात. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मीही खेळायचे." तुम्ही थांबलात. "काय खेळायचीस?" मी सांगितलं, कॉलेजात बॅडमिंटन, नंतर थोडं टेनिस. तुम्ही फक्त म्हणालात, "उद्या ये." नाव, गाव, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी "काका" म्हटलं तर चिडलात. कोर्टावर काका कोणी नसतं म्हणे. मी तरी काकाच म्हणत राहिले आणि तुम्ही मला शेवटपर्यंत पुणेकरच म्हणालात. फिट्टंफाट.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझा बॅकहँड ओळखलात. मी दोन्ही हातांनी रॅकेट धरायचे, त्यामुळे लांबचा बॉल गाठता यायचा नाही, आणि गाठलाच तर बॅडमिंटनच्या सवयीने मनगट झटकायचे. बॉल थेट पलीकडच्या कंपाउंडात. तुम्ही तीनदा मुद्दाम तिथेच सर्व्हिस केलीत आणि प्रत्येक वेळी टोपी काढून मला सलाम केलात. मला इतका राग आला की घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस चांगला नाही. त्याच संध्याकाळी तुम्ही वर आलात, दारातच उभे राहिलात आणि म्हणालात, "तुला स्लाइस शिकवतो. म्हातारपणी कामाला येतो. फोरहँड जातो, पाय जातात, स्लाइस राहतो."

हे तुमचं वाक्य खोटं निघालं, काका. पण ते नंतर.

स्लाइस म्हणजे बॉल खालून असा कातरायचा की टप्पा घेतल्यावर तो उसळत नाही, सरपटतो. पण तुमचं शिकवणं म्हणजे एक प्रकरणच होतं. रॅकेट हातोडीसारखी धर. डाव्या हाताने तिचा गळा धर आणि खांद्यापर्यंत वर ने. पाठ दिसू दे समोरच्याला. हनुवटी उजव्या खांद्यावर. आता मनगटाला कुलूप घाल आणि पुढे जा, खाली नको, पुढे. आणि डावा हात? तो मागे राहू दे. दोन्ही हात पुढे गेले की छाती उघडते आणि बॉल वर चढतो. सांगायला एवढंसं. माझा बॉल एकतर नेटमध्ये मरायचा, नाहीतर फुग्यासारखा वर तरंगायचा आणि खलीलभाई नेटजवळ आरामात वाट पाहत उभे असायचे. "बॉल मारायलीस का कांदा कापायलीस?" असं तुम्ही ओरडायचात आणि शेजारच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या.

काकूंच्या धपाट्याचा दिवस आठवतो? रविवारी मला खाली जेवायला बोलावलं होतं. काकू तव्यावर धपाटं भाजत होत्या. तुम्ही त्यांच्या हातातलं उलथनं काढून घेतलंत. "हे बघ पुणेकर. हे खाली घालताना तू वरून हाणतीस का? नाय. आडवं धरतीस, कड जराशी उचललेली, आणि हल्लू पुढं सरकवतीस. धपाट्याला कळत पण नाय. हाच स्लाइस." आणि दाखवायच्या नादात धपाट्याचे दोन तुकडे केलेत. काकू म्हणाल्या, "बाहेर हो आधी. तुझं टेनिस माझ्या तव्यावर नको." तुकडे झालेलं धपाटं माझ्याच ताटात आलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बॉलवर वार करायचा नसतो, त्याच्या खालून जायचं असतं.

कळलं म्हणजे आलं नाही. डोक्यात गेलेलं हातात यायला किती काळ लागतो हे मी तुमच्या जीवावर शिकले.

आपलं खरं भांडण मूर्ती गारूंच्या गुडघ्यावरून झालं. त्यांचा गुडघा सुजला होता, पट्टा बांधून आले होते, आणि तुम्ही प्रत्येक बॉल त्यांच्या पायाशी, खाली, कातरून टाकत होतात. ते वाकत होते, चेहरा वाकडा होत होता. खेळ संपल्यावर बाहेर चहा पिताना मी म्हटलं, हे काही बरोबर नाही. आपण काय कप जिंकायला आलोय का? मूर्ती गारू बिचारे "पर्वालेदु, पर्वालेदु" म्हणत होते, चालायचंच म्हणून. तुम्ही उस्मानिया बिस्कीट चहात बुडवलंत आणि म्हणालात, "त्याला दुखतंय म्हणून मी वर बॉल दिला तर तो उद्या येईल का? कशाला येईल? मला बघून लोक खेळणं सोपं करायले हे कळलं की माणूस घरी बसतो. समोरच्याला वाकायला लावतो तोच स्लाइस. बाकी नुसती हवा." मी म्हटलं, मग मैत्री कशाला म्हणायची? तुम्ही म्हणालात, ह्यालाच. मी म्हटलं, नाही पटत. तुम्ही म्हणालात, पटेल. बिस्कीट चहात पडलं आणि विषय तिथेच राहिला. पुढे कधीतरी पूर्ण करू असं मला वाटत होतं.

मग तुमचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं. बशीवर कप वाजायचा आणि तुम्ही तो पटकन खाली ठेवायचात. कंपवात आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही मलाच समजावलंत की यात काही घाबरायचं नसतं, हल्ली गोळ्या चांगल्या आहेत. आणि पहिले काही दिवस खरंच वाटायचं की काही झालंच नाही. रॅकेट हातात घेतली की थरथर थांबायची. तुम्ही आम्हाला ते जादूचा प्रयोग दाखवावा तसं दाखवायचात. हात मोकळा, थरथर. हातात रॅकेट, गायब. खलीलभाई टाळ्या वाजवायचे.

हात फसवत होता, पाय नाही. तुमची पावलं लहान झाली. बॉल दिसायचा, कुठे पडणार ते आमच्याआधी कळायचं, पण तुम्ही जागचे हलायचा नाहीत. "पाय विचार करत बसायलेत," असं तुम्ही म्हणायचात. आणि वाकणं गेलं. कमरेतून, गुडघ्यातून, कुठूनच वाकता येईना. कमरेच्या वरचा बॉल आला की तुम्ही अजूनही आम्हाला तिघांना नाचवायचात. गुडघ्याच्या खालचा आला की नुसते बघत राहायचात. स्लाइस राहतो म्हणाला होतात, तोही गेला.

आम्ही काय केलं? जे तुम्हाला सर्वांत जास्त नको होतं तेच केलं. कोणी कोणाशी बोललं नाही, ठरवलं नाही, पण खलीलभाईंचे बॉल तुमच्या बाजूला उंच यायला लागले, मूर्ती गारूंचे उंच, माझे तर उंच यायचेच. तुम्हाला कळणारच होतं. तुम्ही येणं कमी केलंत. पाठ धरलीये, पाहुणे आलेत, आभाळ आलंय. तुम्ही म्हणाला होतात ना, माणूस घरी बसतो? तसेच बसलात.

एके सकाळी मी उतरत होते तर काकू दार उघडं ठेवून जिन्यातच थांबल्या होत्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "माय, एक सांगू? तुझा तो स्लाइस का फिस, तो शिकू नकोस एवढ्यात." मला आधी कळेना. मग त्या म्हणाल्या की तुम्ही खेळायचं सोडणार आहात, परवा टोपीसुद्धा धुवायला टाकलीत ती परत घेतली नाहीत. पण काल जेवताना मध्येच म्हणालात, त्या पुणेकरचा डावा हात अजून पुढं जातो, तिला सोडून दिलं तर तशीच राहील. "तेवढ्या एका गोष्टीसाठी उठतो गं हा माणूस. डॉक्टर म्हणतात हालचाल पाहिजे. तुला आलं की ह्याचं काम संपलं."

मी हो म्हटलं. त्यात माझं जात तरी काय होतं? मला येतच नव्हता. न येणारी गोष्ट न येऊ देणं याच्याइतकं सोपं वचन मी आयुष्यात दिलं नाही. त्या दिवशी तुमच्या दाराशी जाऊन मी ओरडले की माझा बॅकहँड पुन्हा बिघडलाय, आणि तुम्ही चप्पल शोधत बाहेर आलात. टोपी काकूंनी आधीच धुऊन ठेवली होती.

आणि मग तो आला, काका. तुम्ही तपासणीला गेला होतात, मूर्ती गारू गावाला. खलीलभाई आणि मी दोघंच होतो. ते सावकाश बॉल टाकत होते, मी मारत होते, डोक्यात ऑफिसचं काहीतरी चाललं होतं. काचीगुडा स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. आणि एक बॉल रॅकेटवरून असा गेला की मला लागलाच नाही. आवाजसुद्धा वेगळा, बारीक, कागद फाटल्यासारखा. नेटवरून जेमतेम गेला, सिमेंटवर टेकला आणि वर आलाच नाही, सरपटत पुढे गेला. खलीलभाई वाकले तोवर पार. मी माझा डावा हात पाहिला. तो मागे होता, जिथे तुम्ही इतके दिवस ओरडून ठेवायला सांगत होतात तिथे. पुढचा तसाच गेला, आणि त्याच्या पुढचाही.

"माशाल्ला!" खलीलभाई ओरडले. "साब कू फोन लगाओ!"

मी फोन काढला. तुमचं नाव काढलं. आणि तिथेच थांबले. खलीलभाई नेटपाशी आले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही उमजलं. हा बॉल खाली राहतो. आपल्यात एकच माणूस आहे ज्याला तो उचलता येणार नाही. आणि त्याच माणसाला तो दाखवायचा आहे.

"नै बोलना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"सही है," ते म्हणाले, पण त्यांना ते सही वाटत नव्हतं.

घरी येताना मला रडू फुटलं. एवढ्या वयात काही नवीन हाताला येतं का कोणाच्या? मला आलं होतं, आणि ते ज्याला सांगायचं तो एकच माणूस जगात होता, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अरे वा, छान. त्याला काय कळणार.

पुढचे कित्येक महिने मी तुमच्यासमोर चुकत राहिले. चुकणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. एकदा हाताला कळलं की तो विसरायला तयार नसतो. मी मुद्दाम मनगट सैल सोडायचे, मुद्दाम दोन्ही हात पुढे न्यायचे, पाय उशिरा टाकायचे. आणि तुम्ही भुवया वर करून म्हणायचात, "आज नवीनच चूक करायलीस. ही कुठून आणलीस?" मग तुम्ही त्या नव्या चुकीवर नवा इलाज सांगायचात. कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून घेतली होतीत, उठून यायचात, माझा डावा हात स्वतःच्या थरथरत्या हाताने धरून मागे न्यायचात आणि म्हणायचात, "इथं. इथं ठेव. कळालं?" मी म्हणायचे, कळालं. तुम्ही खूष. काकू खूष. डॉक्टरसुद्धा म्हणाले की तुम्ही अपेक्षेपेक्षा बरे आहात. मी मात्र रोज घरी येऊन रॅकेट कोपऱ्यात आपटायचे. कोणावर रागवायचं तेच कळत नव्हतं.

आता ती सकाळ. खलीलभाईंनी बॉलचा नवा डबा फोडला होता. झाकण उघडताना तो फुस्स आवाज झाला, तुम्ही नेहमीप्रमाणे डब्यात नाक घालून वास घेतलात. तुमची तब्येत त्या दिवशी चांगली होती, नेटच्या पलीकडे तुम्ही माझ्या समोर होतात. दोन गेम झाले. मूर्ती गारूंनी एक जोरात मारला, तुम्ही तो अडवलात, बॉल माझ्या बॅकहँडला लांब आला. विचार करायला वेळच नव्हता. मी सोंग आणायच्या आधी हाताने आपलं काम केलं. कागद फाटल्यासारखा तो आवाज मी ऐकला.

बॉल तुमच्या पुढ्यात टेकला आणि सरपटला. तुम्ही निघालात. तुम्ही खरंच निघालात काका, एक पाऊल टाकलंत, रॅकेट खाली नेलीत, पण गुडघा काही वाकला नाही. बॉल तुमच्या बुटाला चाटून मागे जाळीपर्यंत गेला. तुम्ही सावकाश वळलात, चालत गेलात, तो उचलायला किती वेळ लागला तुम्हाला. आम्ही कोणी पुढे झालो नाही, कारण पुढे होणंही वाईट आणि न होणंही वाईट. तुम्ही बॉल अंगठ्याने दाबलात. कानाशी नेऊन हलवलात. आणि म्हणालात, "हा बॉल जुना झालाय."

दोन गेम खेळलेला बॉल. वरची लव पिवळीधमक, छापलेली अक्षरं ताजी. टकल्या बॉलांनी आम्हाला उन्हाळे काढायला लावणारे तुम्ही.

"हौ साब," खलीलभाई म्हणाले. "पुराना हो गया."

मूर्ती गारूंनी मान हलवली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीही म्हटलं, "हो काका. जुना झालाय." नियमाप्रमाणे तो कडेला टाकला गेला आणि दुसऱ्या बॉलने खेळ पुरा केला. मी उरलेले सगळे बॅकहँड नेटमध्ये मारले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. अंग दुखतंय म्हणालात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी दाराशी येऊन ओरडले की माझा बॅकहँड बिघडलाय, तर आतून तुमचा आवाज आला, "भिंतीवर मार. होईल नीट." मग पुढच्या आठवड्यात तुम्ही न्हाणीत पडलात, खुब्याचं हाड मोडलं, दवाखाना, छातीत कफ, आणि पुढचं सगळं.

तुम्ही गेल्यावर काकूंना मी विचारलं. सरळच विचारलं, माझ्यामुळे का? त्या म्हणाल्या, "तसं नाय माय. आजारच वाढला होता." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ज्यांचा नवरा गेला त्या बाई माझी समजूत काढत होत्या, आणि मी ती काढून घेत होते.

त्याआधी, दवाखान्यात दुपारच्या भेटीच्या वेळी मी आले तेव्हा ठरवून आले होते की सांगायचं. की मला येतो स्लाइस, केव्हाचा येतो, तुमच्यामुळे येतो. तोंडावर मास्क होता, डोळे उघडे. काकू उशाशी. मी खुर्ची ओढली. तुम्ही मास्क जरासा सरकवलात आणि विचारलंत, "आला का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून त्या नजरेचा अर्थ लावते आहे. सांग म्हणत होत्या की नको म्हणत होत्या? तेवढ्या क्षणात मला वाटलं, आला म्हटलं तर हा माणूस आता कशासाठी उठेल? आणि वाटलं, नाही म्हटलं तर मी कसली शिष्या? तोंडातून निघालं, "नाही हो. नेटमध्येच जातो अजून."

तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "डावा हात. लवकर सोडतीस." नर्सने येऊन मास्क नीट केला. वेळ संपली होती. त्यानंतर आपण बोललो नाही.

तुम्हाला माहीत होतं का, काका? हा एकच प्रश्न घेऊन मी घरभर फिरते आहे. माहीत असेल तर तो "आला का?" म्हणजे तुम्ही मला दिलेली शेवटची संधी होती, आणि ती मी घालवली. माहीत नसेल तर आपण हरलो असं समजून तुम्ही गेलात, एका बाईला एक साधा फटका शिकवता आला नाही म्हणून. दोन्हींतलं कुठलं बरं, मला ठरवता येत नाही. आणि बॉल जुना झालाय हे तुम्ही कोणासाठी म्हणालात? मला वाचवायला की स्वतःला? की खरंच तुम्हाला तसं वाटलं, हातातलीही जाण गेली होती म्हणून? विचारायला तुम्ही हवे होतात. तुमच्याशी भांडायला तुम्हीच हवे होतात. मूर्ती गारूंच्या गुडघ्याचं भांडण आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आणि रोज दोन्ही बाजूंनी हरते.

तुमचे मात्र उपकार म्हणावेत तर काय काय म्हणू. या शहरात मला सकाळ दिलीत. "नक्को" म्हणायला शिकवलंत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला काहीतरी नवीन येऊ शकतं हे माझ्या अंगाला पटवून दिलंत. हे सगळं मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच टोपी काढून सलाम केला असता.

तो बॉल माझ्याकडे आहे. त्या दिवशी निघताना मी कडेचा उचलून पिशवीत टाकला होता, का ते तेव्हा माहीत नव्हतं. आज कोर्टावरून आल्यावर तो काढला. उद्या तोच घेऊन जाणार आहे, म्हणजे खलीलभाईंना काही ठरवावं लागणार नाही. कोणीतरी चौथा मिळेल. नाही मिळाला तर मी एकटी एका बाजूला उभी राहीन. सोंग कोणासाठी करायचं आता? मारीन तसाच, खालून, पुढे, डावा हात मागे ठेवून, आणि मूर्ती गारूंना वाकायला लागलं तर लागू दे.

आत्ता तो माझ्या हातात आहे. तुमच्यासारखाच अंगठ्याने दाबून पाहिला, कानाशी नेऊन हलवला. टणक आहे. लव तशीच आहे.

बॉल जुना झाला नव्हता, काका. तो स्लाइस होता. मला आला होता.